म्हातारा हॅपी का होता?

साडेपाच वाजले की माझा नवरा बेडरूममध्ये कोंडला जातो. बाहेरून कडी कोणी घालत नाही, पण हॉलमध्ये सतरंजीवर नऊ मुलं बसलेली असतात आणि संडासाचा रस्ता नेमका त्यांच्यामधून जातो. सकाळची शिफ्ट करून आलेला माणूस दुपारी झोपतो, उठतो आणि मग सात वाजेपर्यंत दाराच्या फटीतून माझ्याकडे बघत राहतो. एकदा न राहवून तो लुंगीवर बाहेर आला, तर दुसऱ्या दिवशी आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, की क्लासच्या वेळात घरातल्या पुरुषमंडळींनी ‘प्रॉपर ड्रेस’मध्ये असावं. तेव्हापासून तो आतच बसतो. मी त्याला हसते, पण खरं सांगायचं तर तो दीड तास अडकतो आणि मी त्या हॉलमध्ये गेली अकरा वर्षं अडकले आहे.

मी मराठी शाळेत शिकले, लालबागला. लग्नानंतर चाळीतली खोली विकून आम्ही भाईंदर पूर्वेला हा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. मूल लहान म्हणून मी नोकरी सोडली. समोरच्या गुजराती बाई एकदा दारात येऊन म्हणाल्या, “आप तो घर पे ही हो, मेरे बेटे का इंग्लिश देख लो ना.” मी नाही म्हणायला हवं होतं. पण त्या मुलाला पुढच्या परीक्षेत बरे मार्क पडले आणि ही बातमी लिफ्टमधून वर गेली. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी टीचर झाले.

माझं इंग्रजी कितपत आहे हे मला आजवर कोणीच विचारलेलं नाही, आणि कोणी विचारेल या भीतीने मी अकरा वर्षं काढली आहेत. मी एकही इंग्रजी पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नाही. एखादी आई फाडफाड इंग्रजीत बोलू लागली की मी पटकन हिंदीवर येते आणि “हां हां, हो जाएगा” म्हणते. व्याकरणाचं एक बरं असतं, त्याला नियम असतात. काळांचा तक्ता मी फ्रिजच्या दारावर चिकटवलाय, मुलांनी तो पाठ केलाय, आणि पाणी प्यायला जाऊन जाऊन नवऱ्याचाही पाठ झालाय. घाम फोडायचा तो उतारा. शाळेत न शिकवलेला, कधी न पाहिलेला उतारा, खाली पाच प्रश्न, वाचा आणि उत्तरं लिहा. त्याला नियम कुठून आणायचा?

तो मी शोधून काढला. उतारा वाचायचाच नाही. आधी प्रश्न वाचायचा, त्यातला मोठा शब्द निवडून त्याला पेन्सिलीने चौकट मारायची. मग तोच शब्द उताऱ्यात शोधायचा आणि तो जिथे सापडेल तिथलं वाक्य पूर्णविरामापर्यंत उतरवायचं. आमच्या क्लासमध्ये याला ‘चौकट मारणं’ म्हणतात. वीसपैकी सहा मिळवणारी मुलं दोन महिन्यांत चौदावर येतात. उत्तरं तपासायला माझ्याकडे एक जाडं गाईड आहे. त्याच्या शेवटच्या पानांवर सगळी उत्तरं छापलेली आहेत आणि ती पानं मी मुलांनी उघडू नयेत म्हणून स्टेपल केली आहेत. मुलांना वाटतं, टीचरला सगळं येतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, पण पोहरा दरवेळी भरलेला बघितला की आडात कोण डोकावतो?

एका वर्षी दिवाळीनंतर खाडीकाठच्या वरसाव्याहून एक मुलगी आली. सहावीतली. रिक्षा बदलत बदलत तिची आई तिला घेऊन आली होती आणि चपला काढायच्या आधीच दारात बोलायला लागली.

“ताई, शालंवाल्यांनी सांगितलाय, आता परत इंग्लिशला नापास झाली तर दाखला घेऊन जा म्हून. सासरे तं वाटच बघतान, गावचे शालंत घाला म्हनतात, पोरीला कशाला इंग्लिश. आमचे घरान कोणाला इंग्लिश येत न्हाय. मी भांडून घातलीय तिला. आता तुमीच काय ता करा.”

“करू आपण,” मी म्हणाले. हे मी सगळ्यांनाच म्हणते. मुलगी आईच्या मागे उभी राहून आमच्या फ्रिजवरचा तक्ता वाचत होती, ओठ हलवत, वरपासून खालपर्यंत.

पहिल्याच आठवड्यात मला तिचा रोग कळला. ती वाचायची. उतारा पुढे ठेवला की पहिल्या ओळीपासून सुरुवात, बोट ठेवून, अडलेल्या शब्दाशी थांबून, मागची ओळ परत वाचून. बाकीच्यांची पाच उत्तरं लिहून व्हायची तेव्हा ही दुसऱ्या परिच्छेदात असायची आणि मध्येच स्वतःशी हसायची. परीक्षेत हिचा पेपर अर्धा कोरा का राहतो ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी तिला चौकट शिकवली. ती मान डोलवायची, चौकट मारायची आणि पुन्हा पहिल्या ओळीवर जायची.

“अगं, सगळं कशाला वाचतेस?”

“बघत होते काय झालं ते.”

“काय व्हायचंय? परीक्षेतला उतारा आहे तो, सिरियल नाही.”

मुलं हसली. तीही हसली, पण बोट ओळीवरून काढलं नाही. मला तिचा राग यायचा. सात वाजता आतला माणूस दार उघडायच्या तयारीत असायचा, आया खाली स्कूटर लावून उभ्या असायच्या, आणि ही एकटी आपली निवांत वाचत बसलेली.

जानेवारीत मी तो नावाड्याचा उतारा काढला. सोपा म्हणून दरवर्षी घेते. एका गावात खाडीवर पूल होतो. उद्घाटनाला सगळं गाव जमतं, बाजा वाजतो. मग एक वाक्य येतं, की पूल बांधून झाला म्हणून सगळे हॅपी होते आणि म्हातारा नावाडी हसून सगळ्यांना हात करत होता. शेवटी चार ओळी आहेत, त्यांच्यावर प्रश्न नसल्यामुळे त्यांच्याकडे आम्ही कधी गेलोच नव्हतो. तिसरा प्रश्न असा, की म्हातारा हॅपी का होता. ‘हॅपी’ला चौकट, वर ‘हॅपी’ सापडतं, तिथेच पूल. पूल बांधून झाला म्हणून म्हातारा हॅपी होता. गाईडमध्येही शब्दन्‌शब्द हेच उत्तर आहे.

सगळ्यांच्या वह्या आल्या. तिच्या वहीत तिसऱ्या प्रश्नापुढे काहीच नव्हतं.

“हे का सोडलंस?”

“टीचर, तो हॅपी नाहीये.”

“लिहिलंय की वर. हॅपी. मार चौकट.”

“ते लोक हॅपी आहेत. तो नुसता हसतोय. आमचे आजोबा पण पाहुणे आले की असेच हसतात.”

मुलं खिदळली. मी विचारलं, “तो हॅपी नाही, असं लिहिलंय का कुठे?”

तिने उताऱ्याच्या तळाशी बोट ठेवलं. “हे बघा ना. लोक गेल्यावर त्याने होडी काठावर ओढली आणि पालथी घातली. टीचर, यात पावसाळा आहे का?”

“पावसाळ्याचा काय संबंध इथे?”

“पावसाळ्यात घालतात पालथी. मग पाऊस संपला की सरळ करतात. पण इथे थंडी लिहिलीय. थंडीत चालू होडी कोण पालथी घालेल? त्याने बंद केली होडी. कायमची. आमच्या घरामागे आहे तशी एक, आजोबांची. तिच्याखाली आता कोंबड्या बसतात.”

नऊच्या नऊ मुलं माझ्याकडे बघायला लागली. मला त्या चार ओळी आठवेनात. आठवणार कुठून, मी त्या वाचल्याच नव्हत्या. आणि आता सगळ्यांसमोर वाचायला घेतल्या, एखादा शब्द अडला, तर?

“गाईड छापणारे काय वेडे आहेत?” मी ओरडले. “उत्तर छापलेलं आहे. तेच लिहायचं. तुझ्या कोंबड्या घरी ठेव.”

तिने खाली मान घालून उत्तर लिहिलं. अक्षर सुंदर होतं तिचं. मला वाटलं होतं रडेल, पण ती रडली नाही.

मुलं गेल्यावर मी कुकर लावला आणि ओट्यापाशी उभी राहून तो उतारा वाचला. अख्खा, पहिल्या ओळीपासून, चौकट न मारता. तीन शब्द अडले, ते मोबाईलमध्ये बघितले. थंडीची संध्याकाळ होती. लोक घरी गेले होते. म्हाताऱ्याने होडी एकट्याने वर ओढली, पालथी घातली, तिच्या बुडावर एकदा हात ठेवला आणि चालत घरी गेला. पुलावरून गेला. इतकंच होतं. मी दोन शिट्ट्या मोजायच्या विसरले आणि डाळीचा गाळ झाला. पोरीचं बरोबर होतं. गाईडवाल्यानेही ‘हॅपी’ला चौकट मारून उत्तर उतरवलं होतं. म्हणजे तोही माझ्यासारखाच कोणीतरी, कुठेतरी हॉलमध्ये सतरंजी टाकून बसलेला. मला भयंकर लाज वाटली. आणि लाजेच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली, ती सांगायला मला अजून संकोच वाटतो. आयुष्यात पहिल्यांदा मला एक इंग्रजी उतारा आवडला.

जेवताना मी नवऱ्याला सगळं सांगितलं. गाळ झालेली डाळ त्याने मुकाट्याने भातावर घेतली.

“मग सांग की तिला, तुझं बरोबर आहे म्हणून,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं?”

“आणि परीक्षेत हाच उतारा आला तर?”

“असा कसा येईल?”

“अहो, तिच्या शाळेत याच गाईडातून पेपर काढतात. गेल्या दोन्ही वर्षी काढलाय. ती तिचं उत्तर लिहिणार, तपासणारी बाई गाईड बघून फुली मारणार. नुसती एक फुलीही नाही. एकदा तिला कळलं की आपलंच बरोबर असतं, की ती प्रत्येक उतारा अख्खा वाचत बसणार आणि पेपर अर्धा सोडून येणार. मग दाखला.”

“म्हणजे खरं वाचता येतं म्हणून नापास?”

“हो,” मी म्हणाले. त्याने आणखी भात वाढून घेतला. इकडे आड, तिकडे विहीर. त्या आईने घरात भांडून मिळवलेली जागा माझ्या खरेपणापायी जाऊ द्यायची? मी गप्प राहायचं ठरवलं. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं. त्यात माझी स्वतःची अब्रूही वाचत होती, हे मी तेव्हा स्वतःशी कबूल केलं नाही.

पण गप्प राहून भागणार नव्हतं, तिचं वाचणं मोडायला हवं होतं. साडीच्या खोक्याचा एक पुठ्ठा होता. त्यात मी कात्रीने एका ओळीएवढी खिडकी कापली. उताऱ्यावर पुठ्ठा ठेवायचा, खिडकी सरकवत शब्द शोधायचा, सापडला की तेवढंच वाक्य उतरवायचं. वरची ओळ दिसत नाही, खालची दिसत नाही, मग वाचणार काय? शेजारी मोबाईलवर दहा मिनिटांचा गजर. बाकीच्या मुलांना गंमत वाटली, त्यांनीही असे पुठ्ठे मागितले. मी नऊ कापले.

पहिले काही दिवस ती पुठ्ठा हळूच उचलून खाली डोकावायची. मी पट्टीने सतरंजीवर टकटक करायचे. मग ती डोकावायची थांबली. फेब्रुवारीच्या मध्याला तिची पाच उत्तरं सात मिनिटांत होऊ लागली. मग पाच मिनिटांत. सगळ्यांच्या आधी ती वही पुढे करायची आणि माझ्याकडे बघायची, आणि मी “शाब्बास” म्हणायचे. ते म्हणताना मला कसंतरीच व्हायचं, तरी मी ते रोज म्हटलं.

एकदा तिच्या आईला यायला उशीर झाला. बाकीची मुलं गेली होती, नवरा सुटून खाली चक्कर मारायला गेला होता. ती खिडकीच्या ग्रिलपाशी उभी राहून रस्ता बघत होती. मी सहज विचारलं, “आजोबा काय करतात आता?”

“काही नाही. बसतात. रोज सकाळी कोंबड्यांना बाहेर काढतात आणि होडीवरची धूळ पुसतात. आजी म्हणते, कोणासाठी पुसता?”

माझ्या तोंडावर आलं होतं. तू त्या दिवशी म्हणालीस ते बरोबर होतं, एवढंच वाक्य. परीक्षेला नऊ दिवस होते. मी तिला म्हणाले, “पाणी देऊ का तुला?” तेवढ्यात खाली रिक्षा थांबली आणि मला हायसं वाटलं.

परीक्षेत नावाड्याचाच उतारा आला. तिच्याच शाळेतल्या दुसऱ्या मुलांकडून मला ते दुपारीच कळलं आणि साडेपाचपर्यंत मी घरात नुसत्या येरझाऱ्या घातल्या. तिने काय लिहिलं असेल? मला कोणतं उत्तर हवं होतं? खरं सांगते, मला दोन्ही हवी होती, म्हणून ती आल्यावर मी विचारलंच नाही.

निकाल लागला तेव्हा तिची आई थेट घरी आली. हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुक्या कोळंबीचे सोडे होते, भरपूर. वाकून पायाला हात लावायला लागली, मी मागे सरकले.

“वीसपैकी सतरा, ताई! शालंवाली बाई म्हनली, पोरगी सुधारली. सासरे पन आता काय बोलत न्हाईत. तुमचे उपकार हाईत.”

तिने पेपर माझ्या हातात दिला. तिसरा प्रश्न. म्हातारा हॅपी होता कारण पूल बांधून झाला होता. सुंदर अक्षर, पुढे लाल शाईची भलीमोठी टिक. पोरगी जिंकली होती, तिची आई जिंकली होती. मला आनंद झाला नाही असं नाही, झाला. पण तो पेपर मला हातात धरवेना. सोडे नवऱ्याने केले आणि त्यानेच खाल्ले.

आता मात्र सांगायला हरकत नव्हती. दाखल्याची टांगती तलवार गेली होती, गमावण्यासारखं काही उरलं नव्हतं, माझ्या अब्रूखेरीज. ती मी द्यायला तयार होते. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी मी तिला थांबवून घेतलं. तो उतारा तिच्यापुढे ठेवला आणि पुठ्ठा बाजूला केला.

“आज गजर नाही. नुसतं वाच. तुला वाचायचं तसं.”

तिने पान उलटून पाहिलं. “प्रश्न कुठेत, टीचर?”

“प्रश्न नाहीत.”

“मग काय शोधू?”

मी सतरंजीवर तिच्या समोर बसले. इतकी वर्षं शिकवताना मी खुर्चीवरच बसत आले होते. “ऐक,” मी म्हणाले. “तू मागे म्हणाली होतीस ना, हा म्हातारा हॅपी नाहीये? ते बरोबर होतं. गाईड चुकलंय. आणि मीपण चुकले. मी तोवर हा उतारा कधी वाचलाच नव्हता. तुझ्यामुळे वाचला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मोठी माणसं परीक्षा घेण्यासाठी मुद्दाम चुकीचं बोलतात, तसं काही असेल असं तिला वाटलं असावं.

“नाही टीचर,” ती म्हणाली. “हॅपी होता. टिक मिळाली ना.”

“अगं, टिक मिळाली, पण होडी? ती थंडीची संध्याकाळ? तूच सांगितलंस ना मला, थंडीत चालू होडी कोण पालथी घालेल म्हणून? आजोबांची होडी...” माझा आवाज चढला होता. मी तिला विनवत होते. “एकदा परत वाच ना. शेवटच्या चार ओळी.”

तिने उताऱ्यावर नजर टाकली. वरच्या भागात ‘हॅपी’ सापडलं तिथे बोट ठेवलं आणि तिथेच थांबली. मग मी ओरडू नये म्हणून माझी समजूत घालावी, तशी हसली.

“ते मी असंच बोलले होते, टीचर,” ती म्हणाली. “तेव्हा मला वाचता येत नव्हतं ना.”